पदर आणि पांघरूण

आमच्या आईची झोपायची एक ठरलेली रीत होती. वाकळ पायांवर ओढून घेतली की ती आधी पदर डोक्यावरून घ्यायची, कानामागं नीट खोचायची, हात जोडायची आणि नऊ वेळा णमोकार म्हणायची. नऊ पुरे झाले की पदर खाली, दिवा बंद, आणि मग कुणी हाक मारली तरी 'हूं' एवढंच. बेळगावच्या पावसाळ्यात दिवे गेलेले असोत, घरात पाहुण्यांची गर्दी असो, अंगात ताप असो, यात बदल नाही. आम्ही बहिणी तिच्या दोन्ही बाजूंना झोपायचो. पदराची ती सळसळ ऐकली की दिवस संपला असं वाटायचं.

शेवटच्या आजारात औषधांनी तिचे केस गेले. घरी होती तोवर ती सुती रुमाल बांधायची. मग एका रात्री तिला अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. तिथं बाहेरचं कापड आत नेऊ देत नव्हते. साडी गेली, रुमाल गेला. पाठीमागं नाड्या असलेला तो हिरवा अंगरखा आणि वर एक चादर. मला दहा मिनिटं आत सोडलं होतं. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. तिचा हात सवयीनं खांद्याकडं गेला, तिथं पदर नव्हता. मी म्हटलं, "आई, म्हण की तशीच." तर ती म्हणाली, "अशी बोडक्या डोक्यानं कसं नाव घेऊ गं?" मी चादर वर ओढायला गेले, तर म्हणाली, "नको, ती कुणाकुणाची असती." मला काय करावं सुचेना. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिले. तिनं डोळे मिटले. ओठ हलताना दिसले नाहीत. नर्सबाईंनी हाक मारली तशी मी बाहेर आले. तिसऱ्या दिवशी आई गेली.

तिनं त्या रात्री णमोकार म्हटला की नाही, हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. पण तो माझ्यातून गेलाही नाही. आमच्याकडं शास्त्र सांगणारे पुष्कळ आहेत. ते म्हणतील, णमोकार कुठल्याही अवस्थेत चालतो. ते मलाही ठाऊक होतं. पण आईला ते त्या क्षणी पटत नव्हतं, आणि तिला पटेल असं बोलायला माझ्यापाशी शब्द नव्हते.

या गोष्टीला बरीच वर्षं झाल्यावर मी लेकीच्या बाळंतपणासाठी ठाण्याला गेले. शेजारच्या दारात एक बेने इस्राएल आजी राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या, मराठी अगदी अलिबागी वळणाची. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्ही जैन ना? मग कांदा-लसणाचं काही आणत नाही हो मी तुमच्याकडं." आमची गट्टी तिथूनच जमली. एका रात्री बाळ रडायचं थांबेना म्हणून लेकीला झोपायला सांगून मी बाळाला घेऊन त्यांच्याकडं गेले. त्या गादीवर बसल्या होत्या. त्यांनी मला थांबायची खूण केली, उशाची ओढणी घेऊन डोक्यावर बांधली, गाऊनची गुंडी गळ्यापर्यंत लावली, डोळ्यांवर हात ठेवला आणि हिब्रूत काहीतरी पुटपुटल्या. मग ओढणी सोडून म्हणाल्या, "झालं. झोपताना शेमा म्हणायचा असतो. आता द्या त्या लबाडाला इकडं."

माझ्या अंगावर काटा आला. भाषा वेगळी, देव वेगळा, पण रीत माझ्या आईचीच.

मी विचारलं, "डोकं झाकायलाच लागतं का हो?" आजी हसल्या. "आमच्यात त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत बाई. दोन हजार वर्षं वाद घालतायत. मला काय कळतं? माझी आई करायची, मी करते."

मी इतिहास घेऊन बी. ए. झालेली. पुस्तकंच्या पुस्तकं आहेत म्हटल्यावर गप्प बसवेना. पुढची दोन वर्षं मिळेल तसं वाचत गेले. त्यातलं जे हाती लागलं ते मैत्रिणींना सांगावंसं वाटतं, कारण ही हकिकत नुसत्या टोपीची आणि ओढणीची नाही.

शेमा म्हणजे 'ऐक'. यहुद्यांच्या तोरा या धर्मग्रंथातल्या एका वचनाचा हा पहिला शब्द. देव एकच आहे, हे त्या वचनाचं सार. त्याच्याच पुढं आज्ञा आहे की ही वचनं मुलांना शिकवावीत, आणि झोपताना व उठताना त्यांचा उच्चार करावा. आता, 'झोपताना' म्हणजे नेमकं कधी? अंधार पडल्यावर की आडवं झाल्यावर? आडवं व्हायलाच हवं का? साध्या माणसाला पडणारे हे प्रश्न त्यांच्या पंडितांनी इतक्या गंभीरपणे घेतले, की इसवी सन २०० च्या सुमारास रब्बी यहुदा हनासी यांनी संकलित केलेल्या मिश्ना या कायदेग्रंथाची सुरुवातच या प्रश्नानं होते: रात्रीचा शेमा कधीपासून म्हणावा? एवढा मोठा ग्रंथ, आणि त्याचं पहिलं वाक्य रात्रीच्या प्रार्थनेबद्दल. तिथंच एक घरगुती प्रसंग येतो. रब्बान गमलिएल यांची मुलं एका मेजवानीहून मध्यरात्र उलटल्यावर घरी आली आणि म्हणाली, आम्ही शेमा म्हटलाच नाही. बापानं रागावायचं सोडून सांगितलं, पहाट फुटली नसेल तर अजून म्हणायला हवा. आपल्या घरातलाच संवाद वाटतो की नाही?

आडवं होण्याबद्दल त्या काळी दोन घराणी भांडत होती. शम्माईचं घराणं म्हणे, रात्रीचा शेमा आडवं होऊनच म्हणावा, वचनात तसंच आहे. हिल्लेलचं घराणं म्हणे, ज्यानं त्यानं आपल्याला जमेल त्या स्थितीत म्हणावा. वचनातलं 'झोपताना' ही वेळ आहे, आसन नव्हे. रब्बी तारफोन एकदा प्रवासात होते. शम्माईचं मत पाळावं म्हणून रस्त्यातच आडवे झाले आणि लुटारूंच्या तावडीत सापडता सापडता वाचले. सहकाऱ्यांनी सहानुभूती दाखवायचं सोडून उलट ऐकवलं, की हिल्लेलचं मत मोडलंत, तुमच्या जिवावर बेतलं ते योग्यच! शेवटी हिल्लेलचंच मत टिकलं. यातनं मला एक कळलं. नियम कडक करणं सोपं असतं. तो बसलेल्या, उभ्या, थकलेल्या, वाटेवरच्या माणसाला पाळता येईल असा ठेवणं अवघड.

देवळात संध्याकाळच्या प्रार्थनेत शेमा म्हटला असला तरी अंथरुणावर पुन्हा म्हणावा, ही रीत रब्बी यहोशुआ बेन लेवी यांच्या नावानं सांगितली जाते. ते तिसऱ्या शतकातले. बाबिलोनियात इसवी सन ५०० च्या आसपास आकाराला आलेल्या तालमूद या महाग्रंथात ती नोंदली आहे. झोपेला तिथली माणसं थोडी भीत असत. रात्री जीव देवापाशी ठेव म्हणून सोपवायचा आणि सकाळी परत घ्यायचा, अशी भावना. म्हणून शेमाबरोबर एक आशीर्वचन, चार दिशांना चार देवदूत उभे आहेत अशी प्रार्थना, आणि मग कुणाशी न बोलता झोप. नंतर पाणीसुद्धा नको म्हणतात. आईचं ते 'हूं' मला इथं आठवलं.

आता कपड्यांचं. तालमूदमधली ही चर्चा वाचताना सुरुवातीला मी लाजले, मग चक्रावले, आणि शेवटी मला त्यात एक घर दिसायला लागलं.

मूळ नियम असा, की उघड्या अंगानं देवाचं नाव घेऊ नये. पण मग प्रश्नांची रांग लागते. एकाच अंथरुणात दोघं उघडे झोपले असतील तर? एकानं तोंड इकडं करावं, दुसऱ्यानं तिकडं, आणि म्हणावं. बायको असेल तर? त्यावर वाद: कुणी म्हणतं, ती त्याच्याच देहासारखी, कुणी म्हणतं, नाही, तिथं जास्तच जपावं. मुलं असतील तर? मोठी असतील तर मध्ये कापड हवं, लहान असतील तर चालतं. माणूस आपल्या उपरण्यात गुंडाळून झोपलाय आणि थंडीमुळं डोकं बाहेर काढवत नाही, तर? त्यानं ते कापड गळ्याभोवती आवळून आड करावं आणि म्हणावं. दुसरं मत, आड छातीशी करावी. कारण काय, तर हृदयानं स्वतःच्याच उघड्या अंगाकडं पाहू नये. डोळे नव्हे, हृदय! पहाटे नदीत वा हौदात बुडी मारायला उतरलेला माणूस, सूर्य उगवायची वेळ झाली, वर येऊन कपडे करायला सवड नाही. त्यानं पाण्यानंच अंग झाकावं आणि शेमा म्हणावा. पाणी नितळ असेल तर पायानं ढवळून गढूळ करावं, असंही कुणी सुचवतं.

विचार करा, हे नियम कुणासाठी आहेत? वेगळी शेजघरं, कपाटभर रात्रीचे कपडे असणाऱ्यांसाठी नव्हेत. एक खोली, एक अंथरूण, नवरा-बायको-पोरं एका पांघरुणात, आणि तेच पांघरूण दिवसा अंगावरचं वस्त्र. तोरामध्येच एक कायदा आहे: गरिबाचं वस्त्र कर्जापोटी गहाण ठेवून घेतलं असेल तर सूर्य मावळायच्या आत ते परत द्यावं, कारण तेच त्याचं पांघरूण, नाहीतर तो झोपेल कशात? हा कायदा आणि गळ्याभोवती कापड आवळायचा नियम शेजारी ठेवून वाचले, की शिष्टाचाराचा ग्रंथ बाजूला राहतो आणि थंडीत कुडकुडणारा माणूस समोर येतो. त्याच्याकडं दुसरा कपडा नाही हे पंडितांना ठाऊक होतं. त्यांनी 'आधी नीट कपडे घालून ये' असं म्हटलं नाही. आहे तेच कापड कुठं ओढायचं एवढं सांगितलं.

डोक्याचा इतिहास निराळा आहे. पुरुषांनी डोकं झाकण्याची सक्ती तोरामध्ये नाही. तालमूदमध्ये ती काही थोर पुरुषांची सवय म्हणून येते. राव हुना हे पंडित उघड्या डोक्यानं चार हातही चालत नसत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. देवाचं तेज आपल्या डोक्यावर आहे, तेव्हा तिथं नम्रता हवी, असा त्यामागचा भाव. मला आवडलेली गोष्ट मात्र एका आईची आहे. तिला ज्योतिषांनी सांगितलं, तुझा मुलगा चोर होईल. तिनं मुलाला कधी उघड्या डोक्यानं राहू दिलं नाही. म्हणाली, डोकं झाकून ठेव म्हणजे तुझ्यावर देवाचा धाक राहील, आणि दयेची याचना करत जा. मुलाला कारण कळलं नव्हतं. तो मोठा पंडित झाला, राव नहमान बर यित्झहाक. एक दिवस खजुराच्या झाडाखाली अभ्यास करत बसला असता डोक्यावरचं वस्त्र घसरलं, त्यानं वर पाहिलं, मोह आवरेना, आणि परक्याच्या झाडावर चढून त्यानं खजुराचा घड दातांनी तोडला. तेव्हा त्याला आईच्या बोलण्याचा अर्थ कळला.

आपल्याकडं शांत मुलाला 'आईनं डोक्यावर हात ठेवलाय' म्हणतात. त्या आईनं हाताऐवजी कापड ठेवलं, एवढंच.

पुढं सवयीची रीत झाली, रीतीचा नियम झाला. पण सगळ्यांनी मान डोलावली असं नाही. सोळाव्या शतकात पोलंडमधले मोठे पंडित रब्बी सोलोमन लुरिया यांनी स्पष्ट लिहिलं, की उघड्या डोक्यानं आशीर्वचन म्हणायला कायद्यात मनाई असल्याचं मला दिसत नाही. पण लोकरीत पडली आहे, ती मोडू नये. पंडितानं एवढं प्रामाणिक असावं, हे मला फार भावलं. 'शास्त्रात नाही, पण पाळतो' असं म्हणायला धैर्य लागतं. आपल्याकडं पुष्कळदा उलट होतं: पाळतो म्हणून शास्त्रात आहे असं ठरवून टाकतो.

त्याच शतकात रब्बी योसेफ कारो यांनी सगळे नियम एकत्र केले. त्यांचा जन्म १४८८ सालचा, स्पेनमधला. चार वर्षांचे असताना, १४९२ साली, स्पेनच्या राजाराणीनं यहुद्यांना देशाबाहेर काढलं. हिंडत हिंडत ते आजच्या इस्राएलमधल्या सफेद गावी स्थिरावले. त्यांचा 'शुल्हान आरुख' १५६५ साली व्हेनिसला छापला गेला. नावाचा अर्थ 'मांडलेलं पान'. जेवायला बसणाऱ्याला पाट-पाणी शोधत फिरायला लागू नये, तसा हा ग्रंथ. क्राकोच्या रब्बी मोशे इसरलिस यांनी त्याला उत्तरेकडच्या रीतींच्या टिपा जोडल्या आणि त्यांना नाव दिलं 'पानावरचं कापड'. घरातली भाषा पंडितांनाही सुटत नाही, हे पाहून मला बरं वाटलं.

या ग्रंथात अंथरुणापासूनच सुरुवात आहे. सकाळी उठताना सदरा बसून घालू नये. पांघरुणातच बाह्यांत हात घालावेत, म्हणजे उठताना अंग झाकलेलं असेल. 'मी आतल्या खोलीत आहे, मला कोण बघतंय?' असं म्हणू नये, कारण देव सगळीकडं आहे. रात्री उघड्या अंगानं पांघरुणात असेल तर छातीशी कापडाची आड करावी. आणि डोक्याबद्दल एक बारीकसा नियम आहे. स्वतःचा हात डोक्यावर ठेवला तर ते झाकणं धरलं जात नाही. कारण हात आणि डोकं एकाच देहाचे. देह स्वतःला कसा झाकणार? नंतरच्या टीकाकारांनी वाट काढली, की रात्री जाग आली आणि टोपी हाताशी नसली तर सदऱ्याची बाही हातावर ओढून तो हात डोक्यावर ठेवावा. बाही हे कापडच. पण त्याच कलमात कारो पुढं म्हणतात: दुसऱ्या कुणी आपला हात त्याच्या डोक्यावर ठेवला, तर ते मात्र आच्छादन धरलं जातं.

हे वाक्य मी भर दुपारी स्वयंपाकघरात वाचलं. गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं.

त्याकडं मी परत येईन. आधी बायकांचं सांगायला हवं, नाहीतर हिशेब अपुरा राहील.

मिश्नात बायकांना शेमापासून सूट आहे. ठरल्या वेळी करायची कामं त्यांच्यावर लादू नयेत, हा साधारण नियम. याचना-प्रार्थनेची आणि जेवणानंतरच्या आभाराची जबाबदारी मात्र त्यांच्यावर आहे. बाईच्या केसांबद्दल जे नियम आहेत ते बहुतेक तिच्या प्रार्थनेबद्दल नाहीत. ते तिच्या समोर शेमा म्हणणाऱ्या पुरुषाच्या मनाबद्दल आहेत. लग्न झालेली बाई उघड्या केसांनी बाहेर पडली तर नवरा तिला तिचं ठरलेलं धन न देता सोडू शकतो, असंही मिश्ना सांगते. ज्या गोष्टीनं पुरुषाला नम्रता येते तीच गोष्ट बाईकडं आली की तिच्या चारित्र्याची कसोटी होते. हे वाचून मला राग आला आणि तो मी लपवत नाही. पण दगड मारायला जावं तर घर आपलंही काचेचंच. आमच्या दिगंबर पंथात मुनी सगळी वस्त्रं सोडतात, तीच त्यागाची परिसीमा मानतो. आर्यिका मात्र एका पांढऱ्या साडीत. आणि आम्ही संसारी बायका पदराचं टोक घसरलं म्हणून घाबरणाऱ्या.

तालमूदमध्ये किमहीत नावाच्या बाईची कथा आहे. तिचे सातही मुलगे मुख्य पुरोहित झाले. कशामुळं, असं विचारल्यावर ती म्हणाली, माझ्या घराच्या तुळयांनीसुद्धा माझ्या वेण्या कधी पाहिल्या नाहीत. आपल्याकडं ही कथा इथंच संपवून मुलींना सांगितली गेली असती. पण तिथले पंडित म्हणाले, असं पुष्कळजणींनी केलं, त्यांना काही त्याचं फळ मिळालं नाही! हे उत्तर ग्रंथातच जपून ठेवलंय.

आणखी एक नियम तर स्वयंपाकघरातला. पोळीच्या कणकेतून देवाचा वाटा काढताना बाई आशीर्वचन म्हणते. मिश्ना म्हणते, तिच्या अंगावर कपडा नसला तरी ती बसून हे करू शकते, कारण बसल्यावर जमीन तिला झाकते. पुरुषाला मात्र ही मुभा नाही. शुल्हान आरुखमध्येही बायकांना छातीशी आड करायची गरज नाही असं म्हटलंय. उन्हाळ्यात चुलीपुढं घामानं निथळणारी, अंगावरचं लुगडं कमरेला गुंडाळलेली बाई आठवा. तिच्या प्रार्थनेला कुणीतरी वाट ठेवली होती. पुढं सतराव्या शतकापासून युरोपात यिद्दिश बोलीत खास बायकांसाठी प्रार्थनांची पुस्तकं छापली जाऊ लागली: दिवे लावताना, कणीक मळताना म्हणायच्या. हिब्रू न येणाऱ्या बायका आपल्या बोलीत देवाशी बोलू लागल्या.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांची गोष्ट याहून वेगळी नाही. तेल गाळायचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांवरून आडनावं. शतकानुशतकं ग्रंथ नाही, रब्बी नाही. परंपरा सांगते, की बाहेरून आलेल्या दावीद रहाबी नावाच्या यहुद्यानं त्यांच्या बायकांपुढं मासळी ठेवली, आणि त्यांनी पर व खवले नसलेली बाजूला काढली. त्यावरून त्यानं ओळखलं, ही आपलीच माणसं. (मासळीची कथा जैन बाईनं सांगावी म्हणजे जरा विनोदच, पण निवडण्याचं मर्म आपल्याला कळतं.) पाठ होता तो शेमा. बाकी सगळं विसरलं होतं तरी तो उरला होता. पुढं १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, एकोणिसाव्या शतकात जोसेफ राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पण ग्रंथ आणि सिनेगॉग यायच्या आधीचा तो दीर्घ काळ कुणी सांभाळला? मासळी निवडणाऱ्या हातांनी, आणि रात्री पोरांच्या कानात ते शब्द म्हणणाऱ्या तोंडांनी. त्या बायकांनी शुल्हान आरुख पाहिलाही नव्हता.

ठाण्याच्या आजींना मी कारोचं ते वाक्य फोनवर वाचून दाखवलं. दुसऱ्याचा हात म्हणजे आच्छादन. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या घरी शुक्रवारी आईवडील मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. असेल त्यातनंच." मी त्यांना आईची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच कुणालातरी. त्या म्हणाल्या, "ओठ हलले नाहीत म्हणता ना? ते पण विचारून घ्या तुमच्या पुस्तकाला."

विचारलं. शुल्हान आरुखमध्ये तेही आहे. आजारामुळं किंवा अडचणीमुळं ज्याला शेमा तोंडानं म्हणता येत नाही, त्यानं मनात म्हणावा.

मला माहीत आहे, हा दुसऱ्यांचा कायदा आहे. तो माझ्या आईला लागू होत नाही, आणि लागू करून मी तिची वही पुरी करू पाहत नाही. ती त्या रात्री म्हणाली की नाही, हे आजही मला ठाऊक नाही. पण पूर्वी मला वाटायचं, मी तिथं काहीच न करता नुसती उभी होते. आता तसं वाटत नाही. सफेदच्या त्या म्हाताऱ्या पंडितानं, देशोधडीला लागलेल्या घरातल्या त्या पोरानं, चारशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या प्रसंगासाठी एक ओळ लिहून ठेवली, तसाच प्रसंग माझ्यापुढं होता, आणि माझा हात आपोआप जिथं जायला हवा तिथं गेला होता.

हल्ली नातू बेळगावला आला की माझ्याजवळ झोपतो. मी पदर घेते, णमोकार म्हणते. त्याला अजून शब्द येत नाहीत, टोपी तर तो टिकूच देत नाही. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवते. नऊ होईपर्यंत तो बहुधा झोपलेला असतो.